मोबाइल आमचा, कुलूप तुमचं

मोबाइल फोन बनवणाऱ्या आणि चोरीविरोधी सुरक्षा सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्यांचे संचालक, अभियंते आणि ग्राहक सेवा विभाग यांना,



मी जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यात, अंकुशनगरला मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. धुळे–सोलापूर महामार्गाजवळची ही वस्ती समर्थ सहकारी साखर कारखान्याभोवती वाढली. कारखान्याचं गाळप सुरू झालं की ऊसतोड कामगार, मुकादम, गाडीवान, ट्रॅक्टरचे चालक, हंगामी कामगार यांनी इथला रस्ता भरून जातो. या सगळ्यांच्या खिशात मोबाइल असतो आणि तो बिघडला की माझ्या टेबलावर येतो. डिस्प्ले बदलणं, चार्जिंगचा जॅक, बॅटरी, माइक हे माझं रोजचं काम, आणि त्यात माझी काही तक्रार नाही. पण ज्या कामासाठी आलेले लोक सर्वांत हताश होऊन परत जातात, त्यात फोन बिघडलेलाच नसतो. बॅटरी भरलेली असते, काच शाबूत असते, फक्त फोन उघडत नाही. स्क्रीनवर तुमचा मजकूर असतो : हा फोन लॉक केलेला आहे, सापडल्यास मालकाशी संपर्क साधा. आणि मालक माझ्यासमोर उभा असतो.

तुमच्या कुलपाला माझा विरोध नाही, हे आधीच सांगतो. अंबडच्या मत्स्योदरी देवीच्या नवरात्रातल्या गर्दीत, आठवडी बाजारात, एसटीत चढताना फोन मारले जातात. दहा-बारा हजारांचा फोन म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या कित्येक दिवसांच्या घामाचा पैसा. तो चोराच्या हाती निकामी व्हावा, ही कल्पना मला पूर्ण पटते. ॲपलने २०१३ मध्ये आयओएस ७ सोबत ॲक्टिव्हेशन लॉक आणलं. अमेरिकेत मिनेसोटा आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी २०१४ मध्ये अशी सोय सक्तीची करणारे कायदे केले. अँड्रॉइडमध्ये २०१५ च्या ५.१ आवृत्तीपासून गुगल खात्याचं कुलूप आलं. त्या काळात सॅन फ्रान्सिस्को, लंडन अशा शहरांतल्या आयफोनच्या चोऱ्या घटल्याचं तिथल्या अधिकाऱ्यांनी जाहीर केलं होतं. त्यामुळे कुलूप ढिलं करा, असं मी एका शब्दानेही म्हणणार नाही.

माझं म्हणणं असं, की कुलूप घडवताना चोराचा विचार तुम्ही फार बारकाईने केलात आणि मालकाचा करायचा राहून गेला. तुमच्या डोळ्यांसमोर एक ठरावीक माणूस होता. त्याचा स्वतःचा ईमेल आहे, तो रोज उघडतो, पासवर्ड त्याला पाठ आहे, घरात दुसरा फोन किंवा लॅपटॉप आहे, आणि फोन तो एकटाच वापरतो. माझ्या टेबलाशी असा माणूस क्वचित येतो.

आमच्याकडे फोन कसा विकला जातो ते ऐका. ग्राहक दुकानात येतो, किंमत ठरते, पैसे मोजले जातात आणि दुकानातला पोरगा फोन चालू करून देतो. चालू करताना जीमेल आयडी लागतो. ग्राहकाकडे तो नसतो, किंवा असला तरी त्याला ठाऊक नसतो. पोरगा दोन मिनिटांत नवा आयडी काढतो, पासवर्ड स्वतःच्या मनाने टाकतो. व्हॉट्सॲप आणि यूट्यूब सुरू झालं की व्यवहार संपला. त्याच वेळी 'सिक्युरिटी पण टाकून देऊ का?' असं विचारून थोडे पैसे घेऊन चोरीविरोधी ॲप बसवलं जातं. त्याची नोंदणी त्याच ईमेलवर, आणि त्याचा गुप्त पिनही त्या पोरानेच टाकलेला. हा पिन आणि फोनचा रोजचा पॅटर्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही कोणी सांगत नाही. कागदावर काही लिहून द्यायची पद्धत नाही. वर्ष-दीड वर्षाने फोन लॉक होतो तेव्हा तो पोरगा चाकणला कंपनीत कामाला लागलेला असतो.

तुमच्या दप्तरी हा फोन 'सुरक्षित' म्हणून नोंदलेला आहे. प्रत्यक्षात मालकाच्या हाती त्याच्या कुलपाची किल्ली एकदाही आलेली नाही. म्हणून माझी पहिली विनंती नोंदणीच्या वेळेची आहे. पिन टाकून झाल्यावर 'पुढे जा' हे बटण देण्याआधी, हा पिन मालकाने स्वतः टाकला का, तो कुठे लिहून ठेवला का, हे मराठीत विचारा. फोनच्या खोक्यात एक जाड कागदाचं कार्ड द्या, ज्यावर आयडी आणि सुटकेचा संकेतांक हाताने लिहिता येईल. आमच्याकडे लोक खोका जपतात. फोन फुटला तरी खोका कपाटावर असतो. पासवर्ड कागदावर लिहू नये, असा सल्ला शहरातल्या कचेरीसाठी ठीक असेल. ज्याच्याकडे दुसरं उपकरणच नाही, त्याच्या ट्रंकेतला कागद हीच सर्वांत भरवशाची जागा आहे.

आता सिमचं. सिम बदललं की फोन लॉक, हा चोरीविरोधी ॲपचा जुना नियम. चोर आधी सिम काढून फेकतो, हे खरंच आहे. पण हंगामात बीड जिल्ह्यातून इथे तोडीला आलेला कामगार काय करतो? जिथे कोप्या (झोपड्या) पडतात तिथे त्याच्या सिमच्या कंपनीची रेंज नसते. ज्याची रेंज मिळते त्याचं सिम तो घेतो, फोनमध्ये टाकतो, आणि त्याचाच फोन त्याला चोर ठरवतो. दुसऱ्या घरात बापाचं सिम काढून पोराचं टाकलं जातं, कारण पोराला परीक्षेचा फॉर्म भरायचा आहे आणि घरात चांगला फोन एकच आहे. फोनचं बिल वडिलांच्या नावावर, ईमेल मुलाचा, सिम आईच्या आधारवर काढलेलं, आणि सगळ्यात जास्त वापर सुनेचा. सांगा, यात मालक कोण? माझ्या मते सगळं घर मालक आहे. तुमच्या सॉफ्टवेअरला घर ही गोष्टच कळत नाही. एका फोनला एकच माणूस, एकच ईमेल, एकच नंबर, असं तुम्ही धरून चालता. घरातल्या आणखी दोघांची नावं आणि नंबर विश्वासाचे म्हणून नोंदवण्याची सोय काही ठिकाणी आहे, पण ती सेटिंगच्या इतक्या आत दडलेली असते की ती शोधायला माझ्यासारख्यालाही वेळ लागतो. ती नोंदणीच्या पहिल्या पानावर आणा.

ओटीपीची अडचण याहून कठीण. फोन उघडायला तुम्ही ओटीपी मागता आणि तो लॉक झालेल्या त्याच फोनमधल्या सिमवर पाठवता. ज्याला सुचतं तो सिम काढून शेजाऱ्याच्या फोनमध्ये टाकतो आणि ओटीपी वाचतो. बहुतेकांना ते सुचत नाही. सिम काढल्यामुळेच फोन लॉक झाला, हे त्यांना नुकतंच कळलेलं असतं, त्यामुळे सिमला हात लावायलाही ते घाबरतात. 'हे सिम दुसऱ्या फोनमध्ये टाकून ओटीपी बघा, त्याने काही बिघडणार नाही' एवढं एक वाक्य लॉकच्या स्क्रीनवर मराठीत लिहायला किती खर्च येतो?

पूर्वी आधी ठरवलेल्या दुसऱ्या नंबरवरून एसएमएस पाठवून फोन लॉक करता यायचा आणि उघडताही यायचा. नेटचा पॅक संपला असला तरी अडत नसे. गुगलने ऑक्टोबर २०१८ मध्ये ॲपना एसएमएस वाचू देण्यावर निर्बंध जाहीर केले आणि २०१९ पासून ते लागू झाले. लोकांचे एसएमएस चोरून वाचणारी ॲप बाजारात होती, त्यामुळे त्या निर्बंधांमागचं कारण मला मान्य आहे. पण त्यानंतर बऱ्याच चोरीविरोधी ॲपमधून एसएमएसची सोय काढली गेली आणि तिच्या जागी बिननेटचा दुसरा मार्ग कोणी दिल्याचं मला दिसलं नाही. आता वेबसाइटवरून 'अनलॉक' दाबायचं तर फोनला इंटरनेट मिळालं पाहिजे, आणि लॉक झालेल्या फोनमध्ये वायफायचा पासवर्ड टाकता येत नाही. मी स्वतःच्या हॉटस्पॉटचं नाव आणि पासवर्ड ग्राहकाच्या घरच्या वायफायसारखा ठेवून, फोन आपोआप जोडला जाईल या आशेवर बसून राहिलो आहे. ग्राहकाच्या घरी वायफाय नसेल तर हाही उपाय संपला. गुगलने आणि सुरक्षा कंपन्यांनी एकत्र बसून हा प्रश्न सोडवायला हवा. ज्या देशात पॅक संपणं ही रोजची बाब आहे, तिथे बिननेटचा सुटकेचा मार्ग असायलाच पाहिजे.

यातली सर्वांत बोचणारी गोष्ट तुम्हालाही ठाऊक आहे. बाहेरून टाकलेल्या ॲपचं कुलूप सराईत चोराला फारसं अडवत नाही. तो फोनला रिसेट मारतो आणि ॲप आतल्या सगळ्या माहितीसह पुसलं जातं. गुगलच्या खात्याचं कुलूप रिसेटनंतरही टिकतं, पण मग तो फोन सुट्या भागांसाठी विकला जातो. डिस्प्ले आणि बॅटरी बाजारात चालतात. मग अडकून कोण पडतो? ज्याला फोनपेक्षा फोनच्या आतलं हवं आहे तो. लेकीच्या लग्नाचे फोटो, वारलेल्या आईच्या आवाजातला व्हॉट्सॲपचा निरोप, मोंढ्यातल्या विक्रीच्या पट्ट्यांचे फोटो, कोणाला किती आगाऊ उचल दिली याचा मुकादमाचा हिशेब. अशा माणसाला मला सांगावं लागतं, की फोन चालू होईल पण आतलं काही राहणार नाही. तो थोडा वेळ फोनकडे बघतो आणि 'मग राहू द्या' म्हणून परत नेतो. असे मुके फोन आमच्या भागातल्या कितीतरी घरांत ठेवून दिलेले आहेत. ते भंगारातही जात नाहीत, कारण टाकायला मन होत नाही.

मेलेल्या माणसाच्या फोनविषयी मला वेगळं लिहायचं आहे. शेतकरी अचानक गेला, अपघातात गेला, की दहाव्या-तेराव्यानंतर त्याचा भाऊ किंवा बायको फोन घेऊन येते. विम्याचा मेसेज त्यात आहे, बँकेचा आहे, कोणाकडून किती येणं आहे ते त्यात आहे, शेवटचे फोटो त्यात आहेत. पॅटर्न कोणालाच ठाऊक नाही. गुगलने २०१३ पासून 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' दिलं आहे, ॲपलने २०२१ च्या अखेरीस 'लेगसी कॉन्टॅक्ट' आणलं, म्हणजे मागे राहणाऱ्यांचा विचार करता येतो हे तुम्हीच दाखवलंत. पण आमच्या तालुक्यात या सोयी कोणी वापरल्याचं मला आठवत नाही, कारण त्या कोणी सांगितल्याच नाहीत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने आपल्या मृत्यूनंतर आपले हक्क वापरण्यासाठी नॉमिनी नेमण्याच्या हक्काची तरतूद केली आहे आणि त्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. बँकेत खातं उघडताना नॉमिनीचं नाव विचारलं जातं. फोन चालू करताना वारसाचं नाव विचारायला काय हरकत आहे? मृत्यूचा दाखला आणि वारसाची ओळख पाहून निदान फोटो, संपर्क आणि हिशेबाच्या नोंदी सुपूर्द कराव्यात. खाजगी संदेश उघडू नयेत, असं मृताने आधी सांगितलं असेल तर त्याचाही मान राखावा. विधवा बाईला माझ्या दुकानात उभं राहून 'हे उघडा ना दादा' म्हणावं लागतं आणि मला नाही म्हणावं लागतं, ही वेळ तुमच्यामुळे आमच्यावर येते.

मदतवाहिनीबद्दल थोडक्यात लिहितो, कारण इथे सांगण्यासारखं थोडंच आहे. ग्राहकासाठी मी स्वतः फोन लावून पाहिले आहेत. सॉफ्टवेअर कंपनी म्हणते, फोन कंपनीकडे जा. फोन कंपनीच्या सेवा केंद्रात म्हणतात, हे बाहेरचं ॲप आहे, आमचा संबंध नाही. शेवटी दोघंही सांगतात, नोंदणीकृत ईमेलवरून आम्हाला लिहा. तो ईमेल त्या लॉक झालेल्या फोनमध्येच आहे. सेवा केंद्र गाठायला जालन्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि गाडीभाडं. तिथे पहिला प्रश्न येतो, मूळ बिल आहे का. सेकंडहँड फोनला बिल नसतं. लग्नात भाऊजींनी दिलेल्या फोनचं बिल कोणी मागून घेत नाही.

मालकी सिद्ध करायला बिल हा एकच कागद का असावा? खोक्यावर पंधरा आकड्यांचा आयएमईआय छापलेला असतो. ज्याच्या घरी तो खोका आहे, त्याचं म्हणणं ऐकण्यासारखं असतं. त्याहून मोठा पुरावा दूरसंचार कंपन्यांकडे आहे. कोणतं सिम कोणत्या आयएमईआयमध्ये चालतं, याची नोंद त्यांच्याकडे असते आणि चोरीचे फोन शोधले जातात तेही याच नोंदीच्या जोरावर. मग मालकाने स्वतःहून संमती दिली तर हीच नोंद त्याच्या बाजूने का वापरू नये? हा फोन दोन वर्षं याच माणसाच्या आधारशी जोडलेल्या नंबरवर चालला आणि त्या काळात कोणी चोरीची तक्रार केलेली नाही, एवढं कळलं तर याहून बोलका पुरावा कोणता? संमती हा शब्द मी जाणूनबुजून लिहितो. सरकारचं संचार साथी ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीच टाकण्याच्या आदेशावर २०२५ च्या अखेरीस केवढं वादळ उठलं आणि सरकारला ती सक्ती मागे घ्यावी लागली, हे सगळ्यांनी पाहिलं. लोकांवर नजर ठेवणारी आणखी एक यंत्रणा मला नको आहे. मालक मागेल तेव्हा, मालकासाठी, एका प्रश्नाचं उत्तर मिळावं, एवढंच मागतो आहे.

सरकारी यंत्रणेवर आपण एरवी किती बोलतो. पण या एका बाबतीत ती तुमच्यापेक्षा पुढे आहे, हे मला प्रांजळपणे सांगितलं पाहिजे. दूरसंचार विभागाने सीईआयआर ही यंत्रणा सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्या महाराष्ट्रापासून सुरू केली आणि मे २०२३ मध्ये संचार साथी पोर्टलवरून ती देशभर खुली झाली. फोन चोरीला गेला की पोलिसांत तक्रार करायची, त्याच नंबरचं नवं सिम घ्यायचं, पोर्टलवर आयएमईआय, तक्रारीची प्रत आणि ओळखपत्र द्यायचं. फोन देशातल्या सगळ्या नेटवर्कवर बंद होतो आणि तुम्हाला एक विनंती क्रमांक मिळतो. फोन सापडला की त्याच क्रमांकाने तो पुन्हा सुरू करता येतो. सरकारने २०२५ च्या अखेरीस दिलेल्या आकड्यांनुसार ४२ लाखांहून अधिक फोन असे बंद केले गेले, २६ लाखांहून अधिक फोनचा माग लागला आणि ७ लाखांहून अधिक फोन परत मिळाले. या यंत्रणेतही त्रुटी आहेत. चोरी झालेली असताना 'गहाळ' अशी नोंद लिहून घेतली जाते. फोन परत मिळाल्यावर तो पोर्टलवर मोकळा करायचा असतो हे कोणी सांगत नाही, आणि मग 'रेंजच येत नाही' म्हणून तो माझ्याकडे येतो. तरीही तिथे बंद करण्याच्या दाराशेजारीच उघडण्याचं दार ठेवलेलं आहे. तुमच्याकडे बंद करणं एका बटणाचं काम आहे आणि उघडण्याची वाट प्रत्येकाने आपापली शोधायची.

पोलिसांनी शोधून परत दिलेला फोन घेऊन लोक येतात, तेव्हा हे फार ठळक दिसतं. पोलीस म्हणतात फोन याचाच. सीईआयआरवरून तो मोकळा झालेला आहे. आणि तुमचं ॲप अजूनही त्याला चोराच्या हातातला फोन समजून बसलेलं आहे. पोलिसांची सुपूर्दनाम्याची प्रत आणि सीईआयआरवर फोन मोकळा झाल्याची नोंद, हे दोन पुरावे मिळाल्यावर तुम्ही ४८ तासांत कुलूप काढलंच पाहिजे, असा नियम तुम्ही स्वतःहून करा. त्यासाठी कायद्याची वाट कशाला पाहायची?

आता आम्हा दुरुस्तीवाल्यांविषयी. तुमच्या जाहिरातींत आणि सूचनांत आमच्याकडे संशयाने पाहिलेलं असतं. अनधिकृत दुकानात फोन देऊ नका, असं तुम्ही लिहिता. आमच्यात चुकीचं काम करणारे आहेत, हे मी नाकारत नाही. कोणाचाही फोन आणा, काही प्रश्न न विचारता उघडून देणारे आहेत. आयएमईआय बदलणारेही आहेत, आणि त्याला २०२३ च्या दूरसंचार कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे, ती योग्यच आहे. पण सरळ काम करणाऱ्याची कोंडी बघा. मी फोन उघडून दिला आणि तो चोरीचा निघाला, तर चोरीचा माल हाताळल्याचा ठपका माझ्यावर. नाही उघडून दिला, तर खऱ्या मालकाला मी हाकलून लावलं. मी केवायएम लिहून पुढे आयएमईआय टाकून १४४२२ वर एसएमएस पाठवतो आणि फोन काळ्या यादीत आहे का ते पाहतो. खोका मागतो, आधार पाहतो, नाव-गाव वहीत लिहितो. एवढं करूनही मला तुमच्याकडे विचारायला एकही अधिकृत जागा नाही. मग तो ग्राहक अशा दुकानात जातो जिथे काहीच विचारत नाहीत, आणि तिथे त्याचं काम होतं. प्रामाणिक दुकानाला तुम्ही रिकाम्या हाताने बसवता आणि चोरवाटेच्या बाजाराला गिऱ्हाईक पुरवता. हे तुम्हाला हवं आहे का?

दुरुस्तीचं टेबल आणि सुरक्षेचं सॉफ्टवेअर यांचं वैर असण्याचं कारण नाही. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी त्या दुरुस्तीच्या कामातूनच अँटीव्हायरस उभा केला. त्यातून क्विक हील ही कंपनी झाली आणि २०१६ मध्ये ती शेअर बाजारात आली. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरच्या या घराची गोष्ट आम्ही दुरुस्तीवाले एकमेकांना अभिमानाने सांगतो. लोकांचे संगणक टेबलावर येत होते, त्यात व्हायरस सापडत होते, म्हणून उपाय सुचला. आजही लोकांचं खरं दुखणं आधी आमच्याच टेबलावर येतं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्यात कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती खुली करावी असं अपेक्षित आहे. कुलूप सोडवण्याची रीतसर वाट हाही त्या माहितीचाच भाग आहे.

गावात एखाद्याच्या घराची किल्ली हरवली तर तो चार शेजाऱ्यांना बोलावतो आणि त्यांच्यादेखत कुलूप तोडतो. घर त्याचं आहे याची साक्ष ते चौघे देतात. फोनसाठीही अशी साक्षीची पद्धत बसवता येईल. तालुक्याला दोन-तीन दुकानं नोंदवून घ्या. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करा. दुकानदाराने मालकाचं ओळखपत्र, खोका, आयएमईआय आणि मालकाचा फोटो तुमच्या पोर्टलवर चढवावा. तुम्ही नोंदवलेल्या सगळ्या नंबरांवर आणि ईमेलवर सूचना पाठवा, की अमुक ठिकाणी हा फोन उघडण्याची मागणी आली आहे. ७२ तास थांबा. कोणी हरकत घेतली नाही तरच उघडा. चोर तीन दिवस फोटो देऊन, नाव लिहून थांबणार नाही. नवऱ्याने बायकोचा फोन तिच्या नकळत उघडून घेऊ नये, यासाठीही ही सूचना आणि हा थांबा आवश्यक आहे. तो प्रकार माझ्याकडे येतो आणि मी नकार देतो.

यात दोन दारं वेगळी ठेवा. नुसता फोन वापरात आणायचा असेल तर पुरावा पाहून, आतली माहिती पुसून तो द्यावा. आतली माहिती हवी असेल तर अधिक कडक तपासणी, अधिक वेळ. आज तुमच्याकडून दोन्हींसाठी एकच उत्तर मिळतं, ते म्हणजे 'शक्य नाही'.

हप्त्यावरच्या फोनचाही उल्लेख करतो. चोरासाठी बनवलेलं हेच तंत्र आता कर्जवसुलीसाठी वापरलं जातं. हप्ता थकला की फोन बंद. रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये वित्तसंस्थांना कर्जदारांचे फोन असे बंद करू नका असं सांगितल्याच्या आणि २०२५ मध्ये यासाठी नियम करण्याचा विचार चालू असल्याच्या बातम्या मी वाचल्या. ते ठरेल तेव्हा ठरेल. माझ्याकडे येणारी माणसं त्याच्याही पुढची आहेत. त्यांनी शेवटचा हप्ता भरलेला आहे, पावती हातात आहे, आणि वसुलीचं ॲप फोनमधून निघत नाही. ऊसतोडीच्या उचलीत अडकलेल्या माणसाला हात-पाय बांधले जाणं म्हणजे काय ते ठाऊक असतं. पण तिथे उचल फिटली की तो मोकळा होतो. फोन बनवणाऱ्यांनी वित्तसंस्थांना ही किल्ली दिली असेल, तर कर्ज फिटल्यावर ती परत घेण्याची जबाबदारीही त्यांचीच आहे.

तसंच, एखादं चोरीविरोधी उत्पादन तुम्ही बंद करणार असाल, सर्व्हर थांबवणार असाल, किंवा ग्राहकाची वर्गणी संपली असेल, तर त्याआधी आधीच लागलेली कुलपं उघडून द्या. सेवा बंद आणि कुलूप चालू, अशी अवस्था ग्राहकाने का सोसावी?

फोन बंद पडणं म्हणजे पूर्वी बोलणं बंद पडणं होतं. आता पीएम किसानची ई-केवायसी, लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी, ई-पीक पाहणी, गॅसचा नंबर, बँकेचा मेसेज सगळं त्या एका नंबरवर आणि त्या एका फोनवर आहे. पीक पाहणीची मुदत फोन उघडेपर्यंत थांबत नाही. म्हणून मी तुमच्याकडे वेळेची हमी मागतो : तक्रार आल्यावर किती दिवसांत उत्तर द्याल ते जाहीर करा, आणि ते मराठीत, माणसाच्या आवाजात द्या.

हे सगळं एकदम साऱ्या देशात करा, असं मी म्हणत नाही. येत्या गाळप हंगामात अंबड तालुक्यात करून पाहा. कामगारांच्या कोप्या पडतात तेव्हा तुमचे लोक आठवड्यातून एक दिवस कारखान्याच्या परिसरात बसू देत. माझं टेबल, माझी वही, दुकानातला सीसीटीव्ही, सगळं तुमच्या तपासणीला खुलं आहे. पडताळणीसाठी पोलीस ठाण्यात जे कागद द्यावे लागतील ते मी देईन. लॉक झालेले फोन घेऊन येणाऱ्यांना तुमचे लोक बसण्याचा दिवस मी आधी सांगून ठेवीन. तो दिवस कोणता, एवढं मला कळवा.

आपला,
अंकुशनगरचा एक मोबाइल दुरुस्तीवाला
ता. अंबड, जि. जालना